मोकळ्या आवारातले मांस आणि नाताळचा स्वयंपाक : उत्तर कोकण व गोव्याच्या संदर्भात

उत्तर कोकणातील आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळला जे पदार्थ मानाने रांधले जातात, ते, म्हणजे सोरपोतेल, विंदालू, बदकाचे मोइल आणि गावठी कोंबडीची शाकुती, बंदिस्त पशुपालन माहीत नसलेल्या काळात घडले आहेत. डुक्कर वाडीत, कोंबडी अंगणात व उकिरड्यावर आणि बदक तळ्यात व भाताच्या खाचरात आपले अन्न शोधत वाढत असे. त्यामुळे त्यांचे मांस हालचालीने घट्ट झालेले, वयाने पक्के आणि चवीला ठसठशीत असे. शिरक्यात मुरवणे, मंद आचेवर तासन्‌तास शिजवणे, जनावराच्या स्वतःच्या चरबीत परतणे आणि शिजलेला पदार्थ दोन-तीन दिवस ठेवून मग वाढणे या साऱ्या कृती अशा मांसाला मऊ करण्याच्या व टिकवण्याच्या गरजेतून आलेल्या आहेत. म्हणूनच मोकळ्या आवारात वाढलेले मांस ही या स्वयंपाकाची मूळ अट मानली पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते मांस कसे निवडावे आणि चुलीवर त्याला कसे वागवावे, याचा विचारही त्याच अनुषंगाने येथे केला आहे.

पदार्थांचा प्रवास

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेने ती मराठ्यांकडे आली. मधल्या दोन शतकांत वसई, साष्टी आणि मुंबईच्या बेटांवरील कोळी, कुणबी, भंडारी, सामवेदी, वाडवळ अशा अनेक समाजांतील कुटुंबे ख्रिस्ती झाली, मात्र त्यांची बोली, शेती आणि स्वयंपाकाचा बराचसा घाट स्थानिकच राहिला. यांपैकी मुंबई परिसरातील समाजाने राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १८८७ मध्ये, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. गोव्यात पोर्तुगीज सत्ता १९६१ पर्यंत टिकल्याने तेथे हा खाद्यसंबंध अधिक काळ आणि अधिक खोलवर रुजला.

विंदालूचा पूर्वज असलेला ‘कार्न द विन्या दालयोश’ हा पदार्थ, म्हणजे द्राक्षाची वाइन किंवा तिचा शिरका आणि लसूण यांत मुरवलेले डुकराचे मांस, अटलांटिकमधील मदेरा बेटावर आजही खास नाताळचा पदार्थ म्हणून केला जातो. सोरपोतेलचा पूर्वज ‘सारापातेल’ पोर्तुगालच्या आलेंतेजू प्रांतात कोकराच्या किंवा करडाच्या रक्तात व काळजात शिजतो आणि तेथे त्याचे नाते ईस्टरशी आहे. भारताच्या किनाऱ्यावर त्याचे मांस बदलले आणि सणही बदलला. द्राक्षाच्या शिरक्याची जागा माडीच्या, म्हणजे नारळाच्या ताडीच्या, शिरक्याने घेतली, अमेरिका खंडातून आलेली मिरची त्यात स्थिरावली आणि जिरे, मिरी, दालचिनी, हळद यांनी त्याला स्थानिक अंग दिले. आलेंतेजूतील काळी डुकरे शरद ऋतूपासून ओकवृक्षांच्या राईत गळालेली फळे खात हिंडतात, याचाही येथे विचार करावा लागतो, कारण हा पदार्थसमूह ज्या भूमीतून निघाला, तेथेही जनावर मोकळ्यावरच पुष्ट होत होते.

युरोपात हिवाळ्याच्या तोंडावर डुक्कर कापण्यामागे थंडीत मांस टिकते आणि पुढे चाऱ्याची टंचाई असते ही कारणे होती. कोकणात तशी थंडी नाही, परंतु डिसेंबरपर्यंत भाताची कापणी व झोडणी आटोपलेली असते, शेतात सांडलेले दाणे असतात, घरात कोंडा व कणी असते आणि परसातली जनावरे वर्षातल्या सर्वांत चांगल्या अंगाने असतात. सणाची तिथी आणि शेतीचा हंगाम यांचा असा मेळ येथे जमला.

‘मुक्तसंचारी’ कशाला म्हणावे

मुक्तसंचारी पालन म्हणजे दिवसाचा बराच वेळ जनावराला उघड्या, हिरवळ असलेल्या जागेत फिरता व चरता येईल अशी व्यवस्था. युरोपीय संघाने २००८ च्या नियमावलीत तिला मापे लावली. मुक्तसंचारी म्हणून विकल्या जाणाऱ्या कोंबडीला निदान अर्धे आयुष्य दिवसा बाहेर जाता आले पाहिजे, तिच्या वाट्याला बाहेरची किमान १ चौरस मीटर जागा आली पाहिजे आणि ५६ दिवसांच्या आत ती कापता कामा नये. ‘पारंपरिक मुक्तसंचारी’ या वरच्या प्रतीसाठी हीच मापे २ चौरस मीटर आणि ८१ दिवस अशी आहेत, तर साध्या मुक्तसंचारी टर्की व हंसासाठी ४ चौरस मीटर जागा सांगितली आहे. अमेरिकेच्या कृषिखात्याने मात्र बाहेर जाण्याची मुभा एवढीच अट ठेवली असून किती जागा हे सांगितलेले नाही.

आपल्याकडील बाजारात ‘गावठी’ किंवा ‘गावरान’ हाच शब्द खात्रीसारखा वापरला जातो आणि त्याने पुष्कळ फसगत होते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली ‘वनराजा’ किंवा बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची ‘गिरिराज’ या सुधारित जाती परसातील पालनासाठीच तयार झाल्या आहेत. त्या खरोखर मोकळ्यावर वाढवल्या तर मांस उत्तम मिळते, परंतु रंगीत पिसांचा तोच पक्षी शेडमध्ये कोंडून, तयार खाद्यावर वाढवून गावठी म्हणून विकला जातो, तेव्हा ग्राहक फक्त पिसांच्या रंगाचे पैसे मोजत असतो. जात आणि संगोपन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मांसाचा पोत मुख्यतः संगोपनाने व वयाने ठरतो.

डुकराच्या बाबतीत मुक्तसंचारी आणि मोकाट यांतील भेद तर थेट आरोग्याचा आहे. ‘टीनिया सोलियम’ या फीतकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून डुकराच्या पोटात जातात आणि त्याच्या स्नायूंत कृमीच्या अळ्यांच्या पुटी, म्हणजे द्रवाने भरलेल्या बारीक पिशव्या, तयार होतात. असे मांस अर्धेकच्चे खाल्ल्यास माणसाच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. त्याची अंडी अस्वच्छ हातांवाटे किंवा अन्नपाण्यातून माणसाच्या पोटात गेली, तर तशाच पुटी मेंदूत होऊन अपस्माराचे झटके येऊ शकतात. पूर्वी गोव्यात शौचालयाला जोडूनच डुकरे पाळण्याची पद्धत होती. ती मागे पडली हे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हिताचेच झाले. कुंपण घातलेली वाडी, स्वच्छ पाणी, माणसाच्या विष्ठेपासून पूर्ण फारकत आणि कोंडा, पेंड, कंदमुळे, उकळलेले खरकटे असा आहार मिळत असेल, तरच त्या डुकराला मुक्तसंचारी म्हणावे. खरकटे उकळण्याला २०२० नंतर आणखी महत्त्व आले, कारण त्या वर्षी आसाम व अरुणाचल प्रदेशातून भारतात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीवर दूषित मांसाच्या उष्ट्यातूनही पसरतो. तो माणसाला होत नाही, परंतु त्यावर उपचार नसल्याने कळपच्या कळप नाहीसे होतात.

निवड

खऱ्या अर्थाने फिरलेली कोंबडी जिवंत असताना पायांवरून ओळखता येते. तिच्या नडग्यांवरील खवले जाड व खरखरीत असतात, नखे जमीन उकरून झिजलेली असतात आणि पाच-सहा महिन्यांच्या कोंबड्याच्या पायावर आरेचा उंचवटा दिसू लागलेला असतो. कापल्यावर छातीचे हाड धारदार लागते, छाती अरुंद व मांड्या लांब असतात, कातडी मांसाला घट्ट चिकटलेली असते आणि हाड सहजी तुटत नाही. सुमारे सहा आठवड्यांत दोन किलोंच्या पुढे जाणाऱ्या ब्रॉयलरची छाती रुंद व हाड ठिसूळ असते. हा पक्षी मुळात याच वाढीसाठी पैदास केलेला आहे.

डुकराची चरबी त्याने काय खाल्ले हे सांगते, कारण रवंथ न करणाऱ्या या प्राण्याच्या आहारातील स्निग्धांश फारसे न बदलता त्याच्या अंगावर साठतात. नारळाच्या पेंडीवर वाढलेल्या डुकराची चरबी घट्ट व पांढरी असते. किनाऱ्यावर मासळीचा टाकाऊ भाग सहज मिळत असल्याने तो डुकरांना घातला जातो, मात्र कापण्याआधीचे काही आठवडे तो बंद केला नाही, तर चरबीला माशाचा वास राहतो आणि कोणताही मसाला तो झाकू शकत नाही. वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या नराच्या मांसालाही तापवताच उग्र दर्प येतो, म्हणून लहानपणी खच्ची केलेला नर किंवा न व्यालेली मादी मागावी. मांसाच्या कापावर तांदळाच्या दाण्यासारखे पांढुरके, पाणीदार फोड दिसले, तर ते मांस कोणत्याही किमतीला घेऊ नये. गोव्यातील काणकोण तालुक्यातल्या आगोंद गावाच्या नावाने ओळखली जाणारी, प्रामुख्याने काळ्या रंगाची ‘आगोंद गोवन’ ही डुकराची जात करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंदवलेली आहे. स्थानिक आहारावर व हवामानात तगणारे असे जनावर टिकायचे असेल, तर त्याला खाणारा जाणकार ग्राहकही लागतो.

बदकाला चिखल आणि साचलेले पाणी लागते. वसईत ‘बावखल’ नावाने ओळखली जाणारी गोड्या पाण्याची तळी आणि त्यांच्या कडेची शेती ही त्याची साजेशी जागा होती. भराव टाकून ही तळी बुजवली जात असताना नाताळच्या बदकाचे घरच बुजते आहे, हे वसईकरांनी ध्यानात घ्यायला हवे.

कापण्याची रीत मांसाच्या गुणाशी थेट जोडलेली आहे. पळवून, आरडाओरड करून, भेदरलेल्या अवस्थेत मारलेल्या डुकराच्या स्नायूंत आम्लता फार वेगाने वाढते आणि मांस फिकट, लिबलिबीत व पाणी सोडणारे होते. एका जनावरासमोर दुसरे कापू नये, ही २००१ च्या कत्तलखानाविषयक केंद्रीय नियमांतली तरतूद भूतदयेची आहे आणि खाणाऱ्याच्याही हिताची आहे. मान्यताप्राप्त ठिकाणी, पशुवैद्यकाच्या तपासणीनंतर कापलेले मांसच घ्यावे आणि ते लगेच चुलीवर न चढवता एक दिवस शीतकपाटात ठेवावे, म्हणजे मृत्यूनंतर ताठलेले स्नायू सैल होतात.

चुलीवर

फिरलेल्या जनावराच्या मांसात कोलॅजन हे संयोजी प्रथिन वयानुसार पक्के होत जाते. कोरड्या, तीव्र आचेत ते आकसून मांस चिवट करते, पण ओलसर उष्णतेत, सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे आणि पुरेशा वेळाने, त्याचे जिलेटिन होऊन रस्सा दाट व मांस मऊ होते. म्हणूनच जून गावठी कोंबडा भट्टीत अख्खा भाजण्याचा हट्ट निराश करतो आणि तोच कोंबडा भाजलेल्या खोबऱ्या-खसखशीच्या शाकुतीत मंद आचेवर दोन तास राहिला, तर सणाचा पदार्थ होतो.

सोरपोतेलसाठी डुकराचे मांस, काळीज व हृदय मोठ्या तुकड्यांत, थोड्या मिठाच्या पाण्यात आधी उकडतात आणि पूर्ण गार झाल्यावर त्यांचे बोराच्या बीएवढे तुकडे करतात, कारण गरम मांसाचा असा नेटका तुकडा पडत नाही. हे तुकडे त्यांच्याच सुटलेल्या चरबीत थोडे थोडे करून तांबूस परततात, मग त्यात माडीच्या शिरक्यात वाटलेला सुक्या मिरच्या, जिरे, मिरी, लवंग, दालचिनी, हळद, आले व लसूण यांचा मसाला परततात आणि उकडलेल्याच पाण्यावर पदार्थ शिजवून आटवतात. पुढचे दोन दिवस तो रोज एकदा नीट उकळी येईपर्यंत तापवला जातो आणि तिसऱ्या दिवशी तांदूळ व माडी आंबवून केलेल्या सान्नांबरोबर वाढला जातो. शिरक्याची आम्लता जंतूंची वाढ रोखते आणि मसाल्याला आत शिरायला अवधी मिळतो. दोनदा शिजण्याच्या या रीतीमुळे वर सांगितलेल्या कृमीचा धोकाही उरत नाही.

ईस्ट इंडियन घरांतील मोइल हे शिरका, आले, लसूण व बाटली मसाला यांत शिजवलेले बदक होय. बाटली मसाला उन्हाळ्यात केला जातो. वीसहून अधिक जिन्नस, त्यांत मिरच्या, धणे, तीळ, खसखस, नागकेशर, दगडफूल, शिवाय गहू व चणेही, वाळवून, भाजून, कुटून गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरले जातात, म्हणजे उजेड व हवा न लागता मसाला वर्षभर टिकतो. बदक साफ करताना शेपटीच्या बुडाशी असलेली तेलाची ग्रंथी काढलीच पाहिजे, अन्यथा तिचा वास साऱ्या टोपाला लागतो. तेल न घालता कातडीची बाजू खाली ठेवून मंद आचेवर चरबी सुटू द्यावी, जादा चरबी काढून बटाट्यांसाठी ठेवावी आणि मगच मसाला घालावा. मांस हाडापासून सुटू लागले की शिरका घालून शेवटची उकळी द्यावी. सोबत मैद्याचे आंबवून तळलेले फुगे असतात.

जूनमध्ये फुटलेले पिल्लू डिसेंबरात नाताळच्या योग्यतेचा कोंबडा होते आणि देशी डुकराला त्याहूनही अधिक महिने लागतात. या महिन्यांचा खाद्याचा, राखणीचा आणि रोगराईचा भार पाळणाऱ्या घरांवर, बहुतेकदा त्या घरांतील बायकांवर, असतो. नाताळच्या आदल्या आठवड्यात बाजारात जाऊन ब्रॉयलरच्या भावात गावठी मांस मागणारा ग्राहक त्यांना या धंद्यातून उठवतो. तेव्हा वाचकांना विनंती आहे की यंदाच्या सणासाठी आताच एखादे पाळणारे घर गाठावे, जनावर कसे वाढले ते स्वतः पाहावे, पुढच्या वर्षाची मागणी पावसाळ्याआधी अर्धे पैसे देऊन नोंदवावी आणि भाव करताना त्या घराने घातलेले महिने मोजावेत.