कॉफीला घाई चालत नाही!

महिन्याची 24 तारीख. लेक्चर संपतं आणि ग्रुपवर मेसेज पडतो, ‘कॉफी?’ पाच मिनिटांत सगळे गेटवर हजर. तुमच्या ग्रुपमध्येही हे होतच असणार. आणि तुमच्या ग्रुपमध्येही कुणीतरी एक असणार, जी नेमकी तेव्हाच म्हणते, ‘तुम्ही जा, माझं सबमिशन आहे.’

आमच्याकडे अशी एक मैत्रीण होती. दोन महिने तिची सबमिशन्स संपेचनात. शेवटी मी चिडून विचारलंच, ‘आम्हाला टाळतेस का?’ ती शांतपणे म्हणाली, ‘अगं, एका कॉफीच्या पैशांत माझा दोन दिवसांचा डबा होतो.’ यावर काय बोलणार? त्या दिवशी मलाही कॅफेतली कॉफी घशाखाली उतरली नाही.

उपाय आमच्याच खोलीत, फळीवर पडून होता. माझी रूममेट मैसूरची. तिच्या आईने दिलेला स्टीलचा एक उंच डबा होता. मी त्यात साखर भरायच्या बेतात होते. ती ओरडली, ‘अगं, तो कॉफी फिल्टर आहे!’

थेंबे थेंबे डिकॉक्शन

फिल्टर म्हणजे एकावर एक बसणारे दोन डबे. वरच्याच्या तळाला बारीक भोकं, आत छत्रीसारखी दांडीची चकती आणि वर झाकण. बास! ना वायर, ना बटण.

दोन कपांसाठी वरच्या डब्यात तीन मोठे चमचे फिल्टर कॉफीची पावडर घाला. चकतीने हलकेच दाबा. फार दाबलंत तर पाणी खाली उतरणारच नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा आणि आधी पावडर भिजेल इतकंच ओता. मग उरलेलं ओतून झाकण लावा आणि विसरून जा. पंधरा-वीस मिनिटांत खालच्या डब्यात काळंभोर डिकॉक्शन जमा होतं. रात्री लावून ठेवलंत तर सकाळी आठच्या लेक्चरआधी तयार!

कपात एक भाग डिकॉक्शन, तीन भाग कडक गरम दूध आणि साखर. डिकॉक्शन मात्र पुन्हा उकळू नका, कडू होतं. मग पेला आणि वाटीसारख्या डवऱ्यामध्ये वरून खाली ओतत राहायचं. हा शो नसतो. त्याने साखर विरघळते, फेस येतो आणि कॉफी पिण्याइतकी निवते.

पावडर घेताना ‘80-20’ असं ऐकलंत तर गोंधळू नका. 80 टक्के कॉफी, 20 टक्के चिकोरी. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ. तिच्यात कॅफिन नसतं, पण डिकॉक्शनला दाटपणा आणि रंग येतो. मुंबईत असाल तर माटुंग्याला जा. तिथे तुमच्यासमोर बिया दळून देतात, त्या वासानेच अर्धी झोप उडते! एक सावधगिरी: ही पावडर इन्स्टंटसारखी दुधात विरघळत नाही. मी पहिल्यांदा तेच केलं होतं. दातांत आलेला चोथा अजून आठवतो.

आता हिशेब. कपाला साधारण 10 ग्रॅम पावडर धरली, तर पाव किलोत 25 कप. कॅफेत तेवढ्या पैशांत दोनच होतात.

आजीची जायफळवाली

फिल्टरही नाही? मग आजीला फोन लावा. मराठी घरांत चहा रोजचा आणि कॉफी खास. पाहुण्यांना, आजारातून उठलेल्याला, मंगळागौरीच्या जागरणाला. पाण्यात साखर घालून उकळायचं, कॉफी पावडर टाकून गॅस बंद. झाकण ठेवून चार-पाच मिनिटं मुरू द्यायचं, गाळून गरम दूध घालायचं आणि वरून चिमूटभर जायफळ किसायचं. चिमूटच हं, जास्त जायफळ बाधतं. गंमत बघा, जे जायफळ बाळाला झोप यावी म्हणून गुटीत उगाळतात, तेच आपण जागरणाच्या कॉफीत घालतो!

थोडं फिरून येऊ

बिनमशीनची कॉफी जगभर आहे. तुर्कस्तानात लांब दांड्याच्या छोट्या भांड्यात, जेझवेमध्ये, पिठासारखी बारीक पावडर, साखर आणि गार पाणी एकत्र करून मंद आचेवर ठेवतात. फेस वर आला की उकळी फुटायच्या आत उतरवायचं. गाळायचं नाही, चोथा तळाशी बसू द्यायचा. या कॉफी-परंपरेला युनेस्कोने 2013 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे मुलगी बघायला आले की कांदेपोहे, तिकडे कॉफी. नवऱ्या मुलाच्या कपात मुलगी मुद्दाम मीठ घालते आणि त्याने तोंड वाकडं न करता ती प्यायची!

इटलीचा मोका पॉट 1933 चा. खालच्या भागात पाणी, मधल्या चाळणीत पावडर. वाफेच्या दाबाने पाणी पावडरीतून वर चढतं. गुरगुर ऐकू आली की गॅस बंद. हॉस्टेलवाल्यांनो, घेण्याआधी बघा: ॲल्युमिनियमचा साधा मोका पॉट इंडक्शनवर चालत नाही, त्यावर चालणारा स्टीलचा घ्या. व्हिएतनामचा फिन तर आपल्या फिल्टरचा चुलतभाऊच. तो थेट ग्लासवर बसतो आणि खाली कंडेन्स्ड मिल्कवर कॉफी ठिबकत राहते.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. थांबावं लागतं. कॅफेत आपण ऑर्डर येईपर्यंत प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये असायचो. खोलीत एक फिल्टर, चार माणसं आणि वीस मिनिटं असली की कुणीतरी बोलायला लागतंच. परीक्षेची भीती, घरचं टेन्शन, इंटर्नशिपचे न आलेले रिप्लाय, सगळं त्या वीस मिनिटांत निघतं.

आमची ‘सबमिशन’वाली मैत्रीण आता दुधाची पिशवी घेऊन सगळ्यांत आधी येते. डिकॉक्शन कमी पडलं तर आम्हाला ओरडतेही.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर ‘कॉफी?’ टाकाल, तेव्हा पुढे एक शब्द वाढवा: ‘माझ्याकडे.’ बघा, कोण कोण येतं!