सर रॉबर्ट कॉटन व त्याचा हस्तलिखित-संग्रह

प्राचीन इंग्लिश वाङ्मयाविषयीं ज्यांनीं थोडेंबहुत वाचन केलें असेल, त्यांस ‘कॉटन, व्हिटेलियस ए १५’ किंवा ‘कॉटन, नीरो डी ४’ अशा संज्ञा आढळल्या असतील. रोमन बादशहांचीं नांवें इंग्लंडांतील हस्तलिखितांस कां चिकटलीं, हें कोडें सर रॉबर्ट कॉटन याच्या चरित्रावरून उलगडतें. आणि पोथ्या जमविणाऱ्या गृहस्थांनीं तें चरित्र अवश्य पाहावें.

कॉटनचा जन्म इ. स. १५७१ मध्यें हंटिंग्डनशायर परगण्यांतील डेंटन येथें झाला. वेस्टमिन्स्टरच्या शाळेंत ‘ब्रिटानिया’ ग्रंथाचा कर्ता विल्यम कॅम्डेन हा त्यास गुरु लाभला. इ. स. १६०० च्या सुमारास हे गुरुशिष्य मिळून उत्तरेकडील रोमन तटाच्या प्रदेशांत हिंडले आणि तेथील शिलालेख त्यांनीं गोळा केले. शिकविण्यांत जन्म घालविलेल्या प्रस्तुत लेखकास कॅम्डेनचा हेवा वाटल्यावांचून राहत नाहीं.

तो काळ संग्राहकास अनुकूल होता, पण त्याचें कारण दुःखद होतें. आठव्या हेन्रीनें इ. स. १५३६ ते १५४० या अवधींत मठ मोडले व तेथील ग्रंथभांडारें उधळलीं गेलीं. चर्मपत्रावरील जुने ग्रंथ वाण्यांच्या पुड्यांस लागले. सार्वजनिक ग्रंथालय स्थापावें म्हणून कॉटन व त्याचे स्नेही यांनीं एलिझाबेथ राणीकडे अर्ज केला. त्याचें फळ कांहींच निघालें नाहीं. मग जें राज्यानें करावयाचें तें त्यानें आपल्या घरीं केलें. लिंडिस्फार्नची शुभवर्तमानाची सचित्र प्रत, ‘बेओवुल्फ’ काव्याची एकमेव प्रत, आणि इ. स. १२१५ च्या ‘मॅग्ना कार्टा’च्या आज उपलब्ध असलेल्या चार प्रतींपैकीं दोन, एवढीं नांवें पुरेत.

या ग्रंथालयांत प्रत्येक कपाटावर एकेक अर्धपुतळा होता: बारा सीझर, आणि त्यांच्या जोडीस क्लिओपात्रा व फॉस्टिना. ‘व्हिटेलियस ए १५’ म्हणजे व्हिटेलियसच्या पुतळ्याखालील कपाट, वरून पहिला खण, आणि त्यांतील पंधरावा ग्रंथ. तें घर आज उभें नाहीं, परंतु ब्रिटिश लायब्ररीनें तीच खूण अद्याप चालविली आहे. जुना दप्तरक्रम मोडून नवे आंकडे घालण्याची हौस असलेल्यांनीं हें लक्षांत घ्यावें.

कॉटनचे दोषही सांगितले पाहिजेत. एका ग्रंथाचीं पानें काढून दुसऱ्यांत बांधण्याची त्यास खोड होती. ज्या बांधणींत ‘बेओवुल्फ’ आहे, तिच्याच आरंभीं बाराव्या शतकांतील एक असंबद्ध हस्तलिखित जोडलेलें आहे. आपल्या पोथीचीं पानें सुटीं असल्यामुळें तीं आपोआप मिसळतात; तेथें तीं जाणूनबुजून मिसळलीं गेलीं. सरकारी कागद त्याच्या घरीं येत आणि परत जाण्याचें विसरत. तरी तो स्वतः कृपण नव्हता. सेल्डेन, उशर यांच्यासारख्या पंडितांस तो ग्रंथ खुशाल नेऊं देई. परहस्तगत पुस्तकाविषयीं आपल्याकडे जें सुभाषित आहे त्याचा अनुभव त्यासही आला: ‘उट्रेख्ट साल्टर’ म्हणून प्रसिद्ध असलेलें नवव्या शतकांतील सचित्र स्तोत्रपुस्तक त्याच्याकडून उसनें गेलें तें परतलेंच नाहीं. तें आज हॉलंडांतील उट्रेख्ट येथें आहे. कॉटन यास लुटारू म्हणावें कीं संरक्षक म्हणावें, असा वाद निघतो. माझ्या मतें वाण्याच्या पुड्यांचें स्मरण ठेवून त्याचा निकाल करावा.

पार्लमेंटचे सभासद राजाविरुद्ध पुरावे शोधण्यास याच दालनांत येत, हें पहिल्या चार्ल्सला खुपत होतें. राजाच्या सत्तेसंबंधीं एक आक्षेपार्ह हस्तलिखित टिपण तेथून बाहेर पडल्याचें निमित्त होऊन इ. स. १६२९ मध्यें कॉटनला अटक झाली व ग्रंथालयावर मोहरा पडल्या. पुढें तो सुटला, परंतु ग्रंथ त्याच्या हातीं आले नाहींत. ता. ६ मे १६३१ रोजीं तो वारला.

नातू जॉन यानें हा संग्रह राष्ट्रास दिला. राष्ट्रानें तो या घरांतून त्या घरांत हलविला, आणि ता. २३ आक्टोबर १७३१ रोजीं ॲशबर्नहॅम हाऊसला आग लागली. चौकशींत ९५८ पैकीं ११४ ग्रंथ नष्ट वा निरुपयोगी व ९८ बिघडलेले ठरले. ॲसरकृत आल्फ्रेड राजाच्या चरित्राची प्रत जळाली. त्याच ग्रंथांत ‘मॉल्डनची लढाई’ हें काव्य होतें. सुदैवानें त्याची नक्कल झालेली होती व ती हर्न यानें इ. स. १७२६ मध्यें, म्हणजे आगीपूर्वीं अवघीं पांच वर्षें, छापिली होती. त्या नकलेवांचून हें काव्य आज कोणासच ठाऊक नसतें.

‘बेओवुल्फ’ वांचलें, पण कडा करपल्या व हात लागतांच झडूं लागल्या. इ. स. १७८७ च्या सुमारास थॉर्केलिन या आइसलंडच्या पंडितानें दोन नकला मिळविल्या: एक लेखकाकडून करविलेली, दुसरी स्वहस्तें लिहिलेली. पुढें झडून गेलेलीं पुष्कळ अक्षरें आज तेवढ्या नकलांवरूनच भरतां येतात. इ. स. १८४५ मध्यें ब्रिटिश म्यूझियमच्या मॅडन यानें प्रत्येक पान कागदी चौकटींत बसविलें, तेव्हां झड थांबली. मात्र चौकटीच्या कडेखालीं कांहीं अक्षरें झांकलीं गेलीं; तीं विसाव्या शतकाच्या अखेरीस पानामागून प्रकाश सोडून वाचण्यांत आलीं.