मीटिंग सुरू असली, तरी हाक मारा

वाचकहो, आरंभी एक प्रसंग सांगतो. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून त्यातील काही तपशील बदलले आहेत. घडले ते मात्र असेच.

कोलाडच्या परिसरातील एका गावात राहणारे ७१ वर्षांचे एक गृहस्थ. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत उभे आयुष्य तिन्ही पाळ्यांत काम करून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. २०२० च्या टाळेबंदीत तो घाट उतरून गावी आला आणि आईवडिलांचे वय पाहून घरूनच काम करू लागला. पावसाळ्यातील एका संध्याकाळी साडेसातच्या सुमारास काका पडवीत झोपाळ्यावर बसले असता त्यांच्या छातीवर दडपण आले, डावा जबडा दुखू लागला, अंगाला दरदरून घाम सुटला. काकू मुलाला बोलवायला उठल्या, तेव्हा काकांनी त्यांचा हात धरला. ‘त्याची अमेरिकेशी मीटिंग आहे. दार वाजवू नकोस. होईल बरं.’

मुलगा नऊ वाजता जेवायला बाहेर आला. साडेनऊला ते तिघे माझ्या दवाखान्यात होते. ईसीजी काढताच हृदयविकाराचा मोठा झटका आल्याचे स्पष्ट झाले. प्राथमिक औषधे देऊन मी त्यांना रुग्णवाहिकेने पुढे पाठविले. काका वाचले, परंतु हृदयाच्या स्नायूचा बराच भाग निकामी झाला. पूर्वी शेतावर सहज जाणारा हा माणूस आता विहिरीपर्यंत गेला तरी थांबून श्वास घेतो.

काही आठवड्यांनी मुलगा एकटाच भेटायला आला. तो म्हणाला, ‘डॉक्टर, त्या मीटिंगमध्ये दीड तास मी फक्त ऐकत होतो. माझा माइकसुद्धा बंद होता. बाबांनी एकदा हाक मारली असती, तर त्याच क्षणी उठलो असतो.’

हा लेख त्या न मारलेल्या हाकेविषयी आहे. कारण हा संकोच एका घरापुरता नाही. ‘मुलाचे काम चालू होते, त्रास कशाला द्यायचा’ हे वाक्य मी अनेक ज्येष्ठांच्या तोंडून ऐकले आहे.

भोंग्याची नोकरी आणि बिनभोंग्याची नोकरी

काकांचा संकोच समजून घेण्याजोगा आहे. त्यांच्या काळी कारखान्याच्या फाटकाबाहेर घर आणि आत नोकरी अशी सरळ वाटणी होती. भोंगा झाला की पाळी सुरू, भोंगा झाला की पाळी संपली. चालू यंत्र सोडून जाणे हा गुन्हा. मुलगा खोलीचे दार लावून बसला की काकांच्या दृष्टीने तो फाटकाच्या आत गेलेला असतो. त्यातच कंपन्यांनी माणसे कमी केल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. आपल्यामुळे मुलाच्या भाकरीवर गदा येऊ नये, ही त्यामागची माया आहे.

परंतु मुलाच्या कामाचे स्वरूप वेगळे आहे. ते थोडे जाणून घेतले, तर केव्हा थांबावे आणि केव्हा थांबू नये, हे आपणांस ठरविता येईल.

आपण मोबाइलवरून विजेचे बिल भरता किंवा रेल्वेचे आरक्षण करता, त्यामागे संगणकाला दिलेल्या हजारो सूचना असतात. त्या लिहिणे, तपासणे आणि बिघडल्या तर दुरुस्त करणे हे सॉफ्टवेअर डेव्हलपरचे काम. अनेक कंपन्यांत त्याचा दिवस सुमारे पंधरा मिनिटांच्या छोट्या बैठकीने सुरू होतो. काल काय झाले, आज काय करणार, अडचण कोठे आहे, एवढेच तेथे सांगायचे. बैठक लांबू नये म्हणून ती उभ्याने घेण्याची पद्धत पडली आणि तिला ‘स्टँड-अप’ हे नाव मिळाले. पुढे सूचना लिहायच्या, त्या चालवून पाहायच्या, सहकाऱ्याने लिहिलेल्या सूचना वाचून चुका दाखवायच्या. बहुधा दोन आठवड्यांचे काम एका वेळी ठरवून घेतलेले असते.

या दिवसातील काही तास तो पडद्याकडे नुसता पाहत बसलेला दिसेल. ते रिकामपण नव्हे. एक चूक शोधताना दहा धागे एकाच वेळी मनात धरून ठेवावे लागतात. मध्येच कोणी ‘सिलिंडर नोंदवलास का?’ असे विचारले की धागे सुटतात आणि पुन्हा पहिल्यापासून गुंफावे लागतात. म्हणून किरकोळ गोष्टींसाठी त्याला हाक न मारणे हा आपला शहाणपणाच आहे.

मीटिंगची गोष्ट मात्र निराळी. पुष्कळशा मीटिंगांत बहुसंख्य लोक केवळ श्रोते असतात. त्यांचा माइक आणि कॅमेरा बंद असतो. ‘घरी तातडीचे काम आले’ असे दोन शब्द लिहून उठता येते. बोलण्याची पाळी असली, तरी असे सांगून थांबता येते. अगदी मध्यरात्री एखादी यंत्रणा बंद पडली आणि दुरुस्तीची जबाबदारी त्याच्यावर असली, तरीही व्यवस्थित चालणाऱ्या कार्यालयात पहिला माणूस न मिळाल्यास दुसऱ्याला फोन जाईल अशी तजवीज असते. आम्हा डॉक्टरांतही ड्यूटीवरचा मनुष्य आजारी पडला तर दुसरा उभा राहतोच. कार्यालयाला पर्याय असतो. आपल्या हृदयाला नसतो.

दीड तासाची किंमत

हृदयाला रक्त पुरविणारी वाहिनी पूर्ण बंद झाली, की साधारण अर्ध्या तासात स्नायू कायमचा मरू लागतो आणि पुढे मिनिटागणिक हानी वाढत जाते. रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी यांचा सर्वाधिक लाभ पहिल्या काही तासांतच मिळतो. पक्षाघातात मेंदूतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्यात प्रवास आणि मेंदूचा सीटी स्कॅन दोन्ही आले. आपण गावाकडची माणसे. मोठे रुग्णालय गाठायलाच आपला वेळ जातो. त्यात मीटिंग संपण्याची वाट पाहणे आपणांस परवडणारे नाही.

पुढील लक्षणांपैकी कोणतेही एक दिसले, तर दार वाजवायचे नाही, थेट उघडायचे:

१. छातीत दडपण किंवा दुखणे. ते हात, जबडा वा पाठीकडे सरकणे.
२. एकाएकी दम लागणे, थंड घाम, भोवळ. मधुमेही आणि वृद्ध व्यक्तींत छातीत न दुखताही झटका येतो, हे विशेष ध्यानात ठेवावे.
३. तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे.
४. पडल्यानंतर उठता न येणे, किंवा डोक्याला मार लागणे.
५. मधुमेहाच्या रुग्णास घाम, थरथर आणि असंबद्ध बोलणे.

मुलगा येईपर्यंत १०८ क्रमांक फिरविण्यास हरकत नाही. ती सेवा विनामूल्य आहे. ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सोडा पिऊन पडून राहू नये. पाचव्या लक्षणात रुग्ण शुद्धीवर असून त्यास गिळता येत असेल, तर लगेच साखर द्यावी.

घरात असणे आणि लक्ष असणे

आता थोडे मुलांशी आणि सुनांशी बोलतो, कारण हे पाक्षिक घरोघरी तेही वाचतात. आपण आईवडिलांजवळ राहायला आलात, हे मोठे भाग्य. पण घरात असणे म्हणजे लक्ष असणे नव्हे. बाहेरचा आवाज गाळणारे हेडफोन लावून आपण बसलात, तर शेजारच्या खोलीतून मारलेली हाक आपणांस ऐकूच येणार नाही. कोकणातील पावसात तर पत्र्यावरचा आवाज त्यात भर घालतो. आईवडील मात्र ‘मुलगा घरी आहे’ या भरवशावर निश्चिंत असतात, आणि शेजारीही त्याच भरवशावर डोकावेनासे होतात.

म्हणून एका रविवारी सर्वांनी एकत्र बसून काही गोष्टी ठरवाव्यात. आईवडिलांचे क्रमांक मोबाइलमध्ये असे नोंदवावेत की, फोन शांत ठेवला तरी त्यांचा फोन वाजेल; ही सोय बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते. दिवसातील कोणत्या वेळी बोलायचे आहे आणि कोणत्या वेळी फक्त ऐकायचे, हे सकाळीच सांगून ठेवावे. औषधांची आणि रक्तदाब मोजण्याची वेळ सकाळच्या बैठकीपूर्वीची धरावी, म्हणजे ती चुकत नाही. ज्या वेळी आपण खरोखरच उठू शकणार नाही, त्या वेळेसाठी शेजारच्या एका माणसाला सांगून ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, आईवडिलांना आपल्या तोंडाने सांगावे: ‘माझी कोणतीही मीटिंग तुमच्यापेक्षा मोठी नाही.’ आपणांस ते उघड वाटते. त्यांना ते ऐकण्याची गरज असते.

आणखी एक हाक

हाकेचा उपयोग उलट बाजूनेही आहे. वडिलांच्या आजारपणात मी त्या मुलाचाही रक्तदाब पाहिला. वय ३८ आणि रक्तदाब वाढलेला. मान आखडलेली, डोळे कोरडे, झोप तुटक. न्यूयॉर्कला सकाळचे दहा वाजतात, तेव्हा उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात असतात आणि हिवाळ्यात साडेआठ. तिकडच्या माणसांशी काम असले, की जेवण आणि झोप दोन्ही मागे सरकतात.

बसून राहण्याचे दुष्परिणाम वैद्यकशास्त्राला फार पूर्वी उमगले आहेत. १९५३ साली जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत हृदयविकार कमी आढळला. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मांडलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो.

येथे आपण ज्येष्ठ मंडळी फार मोठे काम करू शकता. मायेपोटी आपण चहाचा कप आणि पाण्याची बाटली त्याच्या टेबलावर नेऊन ठेवता. ते थांबवा. चहा पडवीत ठेवा आणि ठरलेल्या वेळी त्याला बाहेर बोलवा. पाण्याचा तांब्या स्वयंपाकघरातच असू द्या, म्हणजे तो उठेल. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडे पाहावे असा साधा नियम आहे. पडवीतून समोरचा डोंगर पाहिला की तोही आपोआप पाळला जातो. आपल्या मुलाच्या नोकरीला भोंगा नाही. तो भोंगा आपण व्हा.

काका आता तपासणीसाठी नियमित येतात. त्यांच्या घरी एक बिनतारी घंटी आणली आहे. कळ झोपाळ्याच्या खांबावर, घंटी मुलाच्या टेबलावर. ती वाजते तेव्हा तिचा दिवाही लागतो, म्हणजे हेडफोन लावलेले असले तरी कळते. काही शे रुपयांत अशी घंटी मिळते. बसविल्यावर कितीतरी दिवस काकांनी कळीला हात लावला नव्हता. मग काकूंनीच एकदा, ऐन मीटिंगच्या वेळी, ती दाबली. मुलगा धावत बाहेर आला. काका ओशाळून म्हणाले, ‘काही नाही रे, तुझी आई उगीच...’ मुलगा झोपाळ्यावर त्यांच्याशेजारी टेकला आणि म्हणाला, ‘असू द्या बाबा. वाजते, एवढं तर कळलं.’

आपल्या घरी घंटी असो वा नसो, एकदा हे करून पाहा. मुलाची मीटिंग सुरू असताना हाक मारा आणि ती त्याच्यापर्यंत पोहोचते का, ते पाहा. पोहोचत नसेल, तर त्यावर उपाय करण्याची वेळ आजची आहे.