इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना संशोधनाची संधी कुठे मिळते?



आपल्या कार्यक्षेत्रातील गावागावांतून आज कितीतरी मुले-मुली छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहेत. एके काळी औरंगाबादला इंजिनिअरिंग म्हटले की 1960 साली निघालेले उस्मानपुऱ्याचे सरकारी कॉलेज, एवढेच माहीत होते. 1983 साली वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदान कॉलेजांना वाट मोकळी झाली, त्या सुमारास शहरात खासगी कॉलेजेही उभी राहिली आणि ऊसबिलातून फी भरून मुलाला इंजिनिअर करणे आपल्या माणसाच्या आवाक्यात आले. ओढाताण करून का होईना, पण आले.

मुलगा तिसऱ्या वर्षाला गेला की घरात एकच विषय निघतो, कंपनी कोणती मिळणार? वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा जवळ आहेत, तेव्हा हे साहजिकच आहे. त्यात गैर काही नाही. पण शिकत असतानाच संशोधनाचे काम करण्याची एक वाट आहे. ती आपल्याकडच्या मुलांना बहुधा चौथ्या वर्षाला, म्हणजे उशिरा कळते. म्हणून त्याविषयी सविस्तर लिहावे असे आम्हांस वाटले.

संशोधन म्हटले की म्हातारे प्राध्यापक आणि काचेच्या नळ्या डोळ्यांपुढे येतात. तसे काही नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेले नाही, तो प्रश्न घेऊन मोजमाप करायचे आणि निघाले ते खरेपणाने लिहायचे, एवढेच ते. पदवीच्या मुलांना हे काम द्यावे, ही रीत अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने 1969 साली मार्गारेट मॅकव्हिकर यांच्या पुढाकाराने पद्धतशीर सुरू केली. (एमआयटी आपल्या शहरातही आहे, पण ती मराठवाड्याची. नावावरून घोटाळा होऊ नये म्हणून सांगितले.)

आपल्या राज्यातले उदाहरण पुण्याचे आहे. तिथल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजच्या, म्हणजे सीओईपीच्या मुलांनी 2008 साली उपग्रह बांधायला घेतला. पदवीची मुले, स्वतःच्या हाताने. त्याचे नाव ‘स्वयम्’, वजन जेमतेम एक किलो. 22 जून 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी 34 यानातून, इतर एकोणीस उपग्रहांबरोबर, तो वर गेला. मधली वर्षे मोजा. आठ वर्षे! इंजिनिअरिंग चार वर्षांचे. म्हणजे ज्यांनी सुरुवात केली ती मुले नोकरीला लागून गेली होती आणि ज्यांनी शेवटचा नट आवळला त्यांनी सुरुवात पाहिलीच नव्हती. एका तुकडीने वह्या नीट लिहून दुसरीच्या हाती दिल्या, म्हणून ते जमले. कारखाना सहकारात चालवणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता संधी शोधायची कुठे? पहिली जागा स्वतःचे कॉलेज. आपल्या विभागात कोणते प्राध्यापक पीएच.डी.चे विद्यार्थी घेतात आणि त्यांचा विषय काय, हे दुसऱ्या वर्षीच विचारून ठेवावे. त्या विद्यार्थ्याच्या हाताखाली सहा महिने उपकरणाचे आकडे लिहून घेण्याचे काम मिळाले तरी करावे. तिथूनच पुढच्या शिफारशीचे पत्र मिळते आणि त्या पत्राला मोल असते. ज्यांनी मुलाला वर्गात शेवटच्या बाकावर पाहिले आहे, ते लिहून लिहून काय लिहिणार?

दुसरी जागा म्हणजे आपले शहर. पैठण रोडवर कांचनवाडीला ‘वाल्मी’ ही पाणी व भूमी व्यवस्थापनाची संस्था 1980 पासून आहे. सिव्हिल किंवा शेती-इंजिनिअरिंगच्या मुलाने कालवा, ठिबक, पाणीमोजणी असला विषय घेतला असेल तर तिथे जाऊन भेटावे. प्लास्टिकसाठी सिपेट आणि साचे-हत्यारांसाठी इंडो-जर्मन टूल रूम, दोन्ही चिकलठाण्याला. इलेक्ट्रॉनिक्सचे नाइलिट विद्यापीठाच्या आवारातच आहे. या संस्था मुख्यतः शिकवण्याच्या व कामाच्या. मुद्दाम संशोधनाची जाहिरात क्वचितच निघेल, तेव्हा आपणच विषय घेऊन जावे लागेल. आणि पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट तर तुमची-आमचीच. 1975 साली निघाली ती आपल्यासारख्या सहकारी कारखान्यांच्या बळावर.

बाहेरच्यांत सर्वांत जुन्या आणि भरवशाच्या योजनांपैकी एक म्हणजे देशातील तीन विज्ञान अकादमींची, म्हणजे बेंगळुरू, दिल्ली व प्रयागराज येथील अकादमींची, उन्हाळी फेलोशिप. निवड झाली तर एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाकडे दोन महिने काम आणि सोबत विद्यावेतन. आयआयटी मद्रास आणि आयआयटी गांधीनगर यांच्याही उन्हाळी योजना आहेत आणि त्या बाहेरच्या कॉलेजच्या मुलांसाठी खुल्या असतात. आयआयटी मुंबईची ‘फॉसी’ फेलोशिप आम्हांस विशेष सांगावीशी वाटते. तिथे टक्के किंवा कॉलेजचे नाव पाहण्यापेक्षा आधी एक काम करायला देतात. ते जो नीट करून दाखवील त्याची निवड. खेड्यातल्या मुलाला याहून सरळ न्याय तो कोणता? विद्यापीठांची ‘आविष्कार’ स्पर्धाही आहे. 2006 पासून राज्यभर चालते, पदवीच्या विद्यार्थ्यांचा गट वेगळा असतो. तिथे बक्षीस मिळो न मिळो, परीक्षक उलटतपासणी घेतात ती फार कामाची.

परदेशच्याही योजना आहेत, जसे कॅनडाच्या मायटॅक्सची बारा आठवड्यांची. स्पर्धा दांडगी आहे. आधी वरचे एखादे काम पदरी असावे, मग तिकडे पाहावे.

वेळेचे मात्र ध्यानात ठेवा, कारण पुष्कळ मुले इथेच चुकतात. काम मे-जूनमध्ये असते म्हणून अर्जही एप्रिलमध्ये करायचा असे त्यांना वाटते. अकादमींचा अर्ज दिवाळीच्या आगेमागे असतो, म्हणजे इकडे बॉयलर पेटतो आणि मोळी पडते त्याच दिवसांत. बाकीच्यांचे बहुतेक अर्ज गुढीपाडव्याच्या आत उरकतात. तारखा दरवर्षी हलतात, त्या संस्थेच्या अधिकृत जागीच पाहाव्यात. मित्राने पाठवलेल्या निरोपावर विसंबू नये.

काही प्राध्यापक योजनेवाचूनही मुले घेतात, पत्र लिहिले तर. पण पत्र कसे? एकच मजकूर दोनशे जणांना पाठवायचा, वर ‘आदरणीय महोदय, मला आपल्या थोर मार्गदर्शनाखाली काम करण्याची तीव्र इच्छा आहे’, हे पहिल्या ओळीलाच बाजूला पडते. त्यापेक्षा एका प्राध्यापकाचा एक लेख दोनदा वाचावा. समजला नाही तो भाग वहीत उतरवावा. मग दहा ओळींचे पत्र. मी कोण, कोणत्या वर्षाला, आपला अमुक लेख वाचला, त्यातील तमुक मोजणी मी आमच्या लॅबमध्ये करून पाहिली किंवा करू इच्छितो, मला हे-हे येते, या तारखांना मोकळा आहे. बस. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही तर एकदा आठवण द्यावी, आणि नंतर दुसऱ्याकडे वळावे. उत्तर न येणे हा अपमान नव्हे, त्यांच्याकडे अशी पत्रे रोज येतात.

लेख मिळवायला पैसे लागतात, हे आता बरेचसे खरे राहिलेले नाही. देशातील पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’वर फुकट वाचता येतात. 1 जानेवारी 2025 पासून केंद्र सरकारच्या ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजनेत सरकारी उच्चशिक्षण संस्थांना हजारो नियतकालिके खुली झाली. सरकारी कॉलेजात शिकणाऱ्यांनी ग्रंथपालांना याविषयी जरूर विचारावे.

पालकांसाठी दोन शब्द. ‘इंटर्नशिप’ या नावाखाली पाच-दहा हजार रुपये घेऊन घरबसल्या सर्टिफिकेट देणारे पुष्कळ झाले आहेत. फायनल वर्षाचे प्रोजेक्ट तयार विकणारी दुकानेही आहेत. खऱ्या संशोधनाच्या जागी तुम्हालाच विद्यावेतन देतात किंवा फुकट शिकवतात. कामावर घ्यायला पैसे मागितले की उठून यावे. मात्र पत्र लिहून मिळवलेल्या जागी बहुधा विद्यावेतन नसते आणि पुण्या-मुंबईत दोन महिने राहण्या-खाण्याला खर्च येतो, हे लपवण्यात अर्थ नाही. हो म्हणण्याआधी वसतिगृह मिळेल का हे लेखी विचारून घ्यावे. मुलीला लांब पाठवायचे म्हणून काही घरांत नन्नाचा पाढा सुरू होतो. त्यांनी निदान वसतिगृहाची चौकशी करून मग ठरवावे.

आणि विषय? तो शोधायला चेन्नईला जायला नको. तोडलेला ऊस ट्रॉलीत उभा राहिला की उन्हाने वाळतो. सभासदाचे वजन घटते. आतल्या साखरेचेही विघटन होऊन ग्लुकोज-फ्रुक्टोज होते, म्हणून रिकव्हरी घटते. हे आपण सारेच जाणतो. पण कोणत्या जातीच्या उसाचे, कोणत्या महिन्यात, किती तासांनी किती घटते, हे आपल्या स्वतःच्या गव्हाणीपुरते आकड्यांत कुणी मांडले आहे? तोडीची वेळ चिटबॉय टिपू शकतो, वजनाची वेळ काट्याच्या पावतीवर असते. कॉम्प्युटरच्या मुलाने या दोन वेळा जोडाव्यात, त्याच्या मैत्रिणीने काही मोळ्या ठरावीक तासांनी तोलून पाहाव्यात. हे संशोधनच झाले, आणि निकाल लागला तर पैसे तुमच्या-आमच्या खिशातले वाचतील. मेकॅनिकलवाल्यांना बगॅस आहे. गिरणीतून निघताना त्यात साधारण निम्मी ओल असते आणि ती उडवण्यात बॉयलरची उष्णता वाया जाते. चिमणीकडे जाणाऱ्या गरम वायूवर ती आधी किती वाळवता येईल आणि त्याचा खर्च परवडेल का, यावर एका मुलाचे वर्ष सहज जाईल.

मोजमापाचे काम गळीत हंगामातच होऊ शकते. यंत्रे आतून पाहायची असतील तर हंगाम संपल्यावर, दुरुस्ती-देखभालीच्या दिवसांत यावे, तेव्हा मिलचे रोलर आणि बॉयलरच्या नळ्या उघड्या असतात. अर्ज कार्यकारी संचालकांच्या नावे द्यावा. त्यावर कॉलेजच्या मार्गदर्शक प्राध्यापकांची सही असावी आणि काय मोजायचे, किती दिवस, कोणत्या खात्यात, हे एका कागदावर लिहिलेले असावे. चालत्या मिलमध्ये चप्पल घालून किंवा ओढणी मोकळी सोडून कुणालाही आत सोडले जात नाही.