शोधप्रवाशांच्या नावाने ओळखले जाणारे पक्षी

पक्ष्यांची नावे सामान्यतः रूप, आवाज किंवा सवय यांवरून पडतात. ‘सुतार पक्षी’ या नावातून लाकूड टोचणारा पक्षी डोळ्यांसमोर येतो. ‘लुईसचा सुतार पक्षी’ या नावात मात्र पक्ष्याच्या आधी एक माणूस येतो. अशा व्यक्तिनामाधारित नावांचे स्वरूप एका उदाहरणाच्या आधारे समजून घेऊ.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी पश्चिमेकडील प्रदेशाच्या शोधासाठी पाठविलेल्या मोहिमेचे (१८०४-१८०६) नेतृत्व मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांनी केले. प्रवासात त्यांनी पाहिलेल्या दोन पक्ष्यांना पक्षिशास्त्रज्ञ अलेक्झांडर विल्सन यांनी १८११ मध्ये त्यांची नावे दिली. गुलाबी पोटाचा व हिरवट-काळ्या पाठीचा पक्षी ‘लुईसचा सुतार पक्षी’ झाला. पाइनच्या बिया जमिनीत साठविणारा, कावळ्याच्या कुळातील पक्षी ‘क्लार्कचा नटक्रॅकर’ ठरला. हे पक्षी पाश्चात्त्य शास्त्राला नवे होते. तेथील नेझ पर्स आदी मूळ रहिवाशांना ते पूर्वीपासून परिचित होते.

व्यक्तिनाम म्हणजे गौरव; म्हणून गौरव कोणाचा, हा प्रश्न अटळ ठरतो. याच मोहिमेत यॉर्क हा क्लार्कच्या मालकीचा गुलामही होता. परतल्यावर सैनिकांना वेतन व जमीन मिळाली. यॉर्कला दोन्हीही मिळाले नाही. अशा इतिहासाची दखल घेऊन अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने २०२३ मध्ये आपल्या कक्षेतील व्यक्तिनामाधारित इंग्रजी पक्षिनामे बदलण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांच्या जागी पक्ष्याचे वर्णन करणारी नावे यावीत, असा त्यामागील हेतू आहे.

शास्त्रीय नावांचे नियम मात्र वेगळे आहेत. ती आंतरराष्ट्रीय संहितेने बांधलेली असून केवळ गौरवाविषयीच्या आक्षेपावरून बदलत नाहीत. सुतार पक्ष्याचे शास्त्रीय नाव ‘मेलॅनर्पिस लुईस’ आहे, तर नटक्रॅकरचे ‘न्युसिफ्रागा कोलंबियाना’ हे नाव कोलंबिया नदीवरून आले आहे. त्यामुळे इंग्रजी नावे बदलली, तर क्लार्क पक्षिनामातून पूर्णपणे जाईल. लुईस मात्र शास्त्रीय नावात उरेल. लोकव्यवहारातील नाव समाजाच्या मूल्यांबरोबर बदलू शकते. शास्त्रीय नाव स्थैर्याला प्राधान्य देते. नामकरणाचा अभ्यास करताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील पाच पक्ष्यांची नावे रूप, आवाज, सवय की व्यक्ती यांपैकी कशावरून पडली असावीत, ते सकारण लिहा.