अभिकर्त्यावाचून संगणक-व्यवस्थापन

अनेक संगणकांची व्यवस्था एका ठिकाणाहून पाहावयाची, तर दोन मार्ग संभवतात. पहिल्या मार्गांत प्रत्येक संगणकावर अभिकर्ता, म्हणजे सतत जागी राहणारी आज्ञावली, बसवितात. २००५ मधील ‘पपेट’ हे याचे उदाहरण. दुसऱ्या मार्गांत अभिकर्ता नसतो; मायकेल डीहान यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘अ‍ॅन्सिबल’ हे साधन त्यांतलेच होय.

समजा, भिवंडी तालुक्यातील दिघाशी येथे एक लिनक्स संगणक असून व्यवस्थापक मुंबईस आहे. दिघाशीच्या संगणकावर ‘एसएसएच’ हे सुरक्षित द्वार व पायथॉन भाषा असली की पुरते. मुंबईहून लहानशी आज्ञावली त्या द्वाराने जाते, काम करते आणि पुसली जाते. व्यवस्थापक ‘काय करावे’ यापेक्षा ‘काय असावे’ हे लिहितो. इष्ट स्थिती आधीच असल्यास बहुधा काहीच बदलत नाही. म्हणून तीच सूचना पुन्हा धाडण्यास भय नसते.

मात्र दिघाशीचा दुवा तुटला, तर काम खोळंबते. अभिकर्ता असता, तर त्याने पूर्वी मिळालेल्या सूचनेवरून स्थिती राखली असती. शिवाय सर्व द्वारांच्या किल्ल्या एकाच ठिकाणी राहतात. ते ठिकाण परक्याच्या हाती पडले, तर सारेच संगणक पडले. तात्पर्य, अभिकर्ता गेल्याने राखणीचा भार नाहीसा होत नाही, तो एकवटतो.