सभा, ठराव आणि ठरावानंतर

आपल्या चळवळीला सभांची वाण कधीच नव्हती. जयंती, अभिवादन, मेळावे, शिबिरे, परिसंवाद यांची वर्षभर रांग लागलेली असते. गावोगावची मंडळे, विद्यार्थी संघटना, महिला मंडळे, वाचनालये, नोंदणीकृत संस्था आपापल्या परीने वर्गणी गोळा करतात, मंडप घालतात, वक्ते बोलावतात. या खटाटोपामागची तळमळ खोटी नाही. परंतु सभा उठल्यावर दुसऱ्या दिवशी काय बदलले, असे आयोजकांना विचारले की बहुधा गर्दीचा आकडा उत्तरादाखल मिळतो. किती माणसे जमली हे सांगता येते. ती कशासाठी जमवली होती, हे सांगताना मात्र चाचपडावे लागते.

ज्यांच्याजवळ जमीन नाही, भांडवल नाही, वृत्तपत्रे नाहीत, त्यांच्याजवळ एकत्र येण्याचेच काय ते बळ असते. प्रस्थापितांच्या संस्थांनी वर्षातून चार पोकळ समारंभ केले तरी त्यांचे फारसे बिघडत नाही. आपले बिघडते. दोनशे मजूर स्त्रिया अर्धा दिवस काम सोडून मेळाव्याला आल्या, तर शंभर रोज बुडाले. मंडपाचा, ध्वनिक्षेपकाचा, हारतुऱ्यांचा खर्च आपण जमाखर्चात लिहितो. हे शंभर रोज कोणत्याच वहीत येत नाहीत. वास्तविक त्या सभेला सर्वांत मोठी देणगी या स्त्रियांनीच दिलेली असते; पावती तेवढी त्यांच्या नावाने फाडली जात नाही. हा खर्च एकदा डोळ्यांपुढे ठेवला, म्हणजे सभेचे नियोजन ही व्यवस्थापनाची हौस उरत नाही, तो बांधिलकीचा प्रश्न होतो.

महाडच्या १९२७ सालच्या दोन परिषदांकडे आपण स्फूर्तीसाठी वारंवार वळतो. संयोजनाचा पाठ म्हणूनही त्या वाचल्या पाहिजेत. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे ठराव दोन होते, दोन्ही अधिकृत होते, आणि तळ्याचे पाणी मात्र अस्पृश्यांना मिळत नव्हते. कारण उघड आहे. कोणी, कोणत्या दिवशी, कोणाला बरोबर घेऊन तळ्यावर जायचे, हे त्या ठरावांत नव्हते. तीन वर्षे ठराव कागदावर पडून राहिला आणि कोणालाही तो रद्द करावासा वाटला नाही. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, दुसऱ्या दिवशी प्रतिनिधी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून रांगेने तळ्यावर गेले, पाणी प्याले. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. कागदावरचा ठराव कोणाला बोचत नाही. तो अमलात येताच बोचू लागतो. आपल्या सभांतील ठरावांना कोणी विरोध करीत नाही, याचा आनंद मानण्यापूर्वी हे तपासून पाहावे.

पाण्यासाठी भरलेल्या या परिषदेला पाणीच नव्हते. अस्पृश्यांना वापरता येईल असा पाणवठा जवळ नसल्यामुळे संयोजकांना चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस या मंडळींनी हा हिशेब आधी केला नसता, तर दूरदूरहून शिदोरी बांधून आलेली माणसे पहिल्याच दिवशी तहानेने परतली असती. पाणी, जागा, धान्य, मुक्काम या गोष्टी आपण ‘किरकोळ व्यवस्था’ म्हणून एखाद्या होतकरू पोरावर सोपवतो. जातिव्यवस्थेत त्या कधीच किरकोळ नव्हत्या. सभागृह कोण देतो, कोण नाकारतो, भांडी कोण भाड्याने देत नाही, यात गावचे सारे समाजशास्त्र असते. ते आधी वाचता आले पाहिजे.

मार्चच्या परिषदेत एक गोष्ट निसटली. पाणी पिऊन प्रतिनिधी परतले, जेवणे चालू होती, काही जण गावाच्या वाटेला लागले होते. आणि वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी हूल उठवून सवर्णांच्या जमावाने विखुरलेल्या माणसांवर हल्ला केला. सभेतील सर्वांत धोक्याची वेळ भाषणांची नसते. ती पांगण्याची असते. आजही हे खरे आहे. मिरवणूक संपल्यावर आपापल्या वस्तीकडे निघालेली चार-चार पोरे, शेवटची एस.टी. चुकलेल्या मुली, अंधारात पायवाटेने जाणाऱ्या म्हाताऱ्या, यांची जबाबदारी कार्यक्रमपत्रिकेत कोणाकडेच नसते. पाचची सभा सातला सुरू करणारे आयोजक स्वतः मोटारसायकलने घरी जातात.

डिसेंबरची परिषद भरवताना मार्चचा अनुभव कामी आलेला दिसतो. जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन मंडपासाठी दिली. स्थानिक व्यापारी माल देणार नाहीत हे ओळखून शिधा बाहेरून आणण्यात आला. बाबासाहेब आणि मुंबईचे प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरले आणि तेथून पायी महाडला गेले. आणि तरीही ऐनवेळी पेच आलाच. परिषदेच्या अगोदर थोडेच दिवस सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. मंडपात जवळजवळ चार हजारांनी सत्याग्रही म्हणून नावे दिली होती. अशा वेळी नेत्याने परस्पर ‘सत्याग्रह तहकूब’ असे पत्रक काढले असते, तर ती माणसे खचून गेली असती. तसे झाले नाही. प्रश्न परिषदेपुढे मांडला गेला, वाद झाला, सत्याग्रह तूर्त स्थगित करण्याचे परिषदेनेच ठरवले, आणि लोकांना रिकाम्या हाताने परत न पाठवता तळ्याभोवती शिस्तीने मिरवणूक काढण्यात आली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झालेलेच होते. आयोजकांजवळ पहिला मार्ग अडला तर दुसरा असावा लागतो. आणि तो कोणता, हे जमलेल्यांना विचारून ठरवावे लागते.

आजच्या एका साध्या उदाहरणावर हे घासून पाहू. समजा, महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळालेली नाही आणि संघटनेला मेळावा घ्यायचा आहे. सामान्यतः काय होते? हॉल ठरतो, पाहुणे ठरतात, शासनाचा निषेध होतो, टाळ्या पडतात. पण ही शिष्यवृत्ती सर्वांची एकाच ठिकाणी अडलेली नसते. कोणाचा अर्ज महाविद्यालयाने पुढेच पाठवलेला नसतो, कोणाचा समाज कल्याण कार्यालयात थांबलेला असतो, तर कोणाचे आधार बँक खात्याला जोडलेले नसल्यामुळे पैसे परत गेलेले असतात. या तीन व्यथांचे उपाय तीन आहेत. प्राचार्यांपुढे जायचे त्यांना एकत्र बसवावे, कार्यालयावर जायचे त्यांना वेगळे, आणि बँकेत जायचे त्यांना मेळाव्याची गरजच नाही. एका जाणत्या मित्राची आहे. मेळाव्याआधीच्या पंधरवड्यात चार विद्यार्थ्यांनी वसतिगृहातून फिरून नाव, वर्ग, अर्जाची तारीख, अर्ज कोठे अडला याची यादी केली, तर निम्मे काम तेथेच होते. मग मेळाव्यात निषेधाचे भाषण एक पुरते. उरलेला वेळ कोण, कोणत्या तारखेला, कोणाला भेटणार आणि परत येऊन कोठे सांगणार, हे ठरवण्यात जावा. अशा सभेचा ठराव आधी लिहावा आणि तारीख नंतर काढावी. आपण नेमके उलटे करतो: आधी पाहुण्यांची तारीख घेतो आणि ठराव आभारप्रदर्शनाच्या वेळी सुचतात.

स्त्रियांचा प्रश्न मात्र वेळापत्रकाने सुटत नाही. त्या सभेला येतात, मागे बसतात, आणि निम्म्या तर स्वयंपाकाच्या चुलीशी असतात. महाडच्याच डिसेंबर परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी स्त्रियांशी स्वतंत्रपणे संवाद साधला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेबरोबर महिला परिषद स्वतंत्र भरली. तिच्या अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या. महाराष्ट्रातील ग्रामपंचायत कायद्यानेही ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याचे बंधन घातले आहे, कारण पुरुषांच्या गर्दीत स्त्रीचा प्रश्न विषयपत्रिकेवर चढतच नाही. आपल्या किती संस्थांनी हा साधा नियम स्वतःला लावून घेतला आहे? विषयपत्रिका ठरण्यापूर्वी स्त्रियांची बैठक, आणि त्या दिवशी स्वयंपाक पुरुषांकडे. (दुसऱ्या अटीला कार्यकारिणीत किती हात वर होतात ते पाहण्यासारखे असते.)

याचा अर्थ प्रत्येक एकत्र येण्याला कामाचा जू लावावा असा नाही. दीक्षाभूमीवर, चैत्यभूमीवर लाखो माणसे स्वतःच्या खर्चाने येतात, रांगेत उभी राहतात, परतताना पुस्तके घेऊन जातात. तेथे कोणी विषयपत्रिका वाटलेली नसते आणि वाटूही नये. माणूस म्हणून ताठ उभे राहण्याचा तो दिवस आहे. आक्षेप आहे तो त्या दिवसाचे अनुकरण करणाऱ्या, शाल-श्रीफळ-सत्कारात दोन तास घालवणाऱ्या आणि स्वतःला ‘कार्यकर्ता मेळावा’ म्हणवणाऱ्या सभांवर.

इतिवृत्ताची वही हा आपल्याकडचा सर्वांत दुर्लक्षित भाग. नोंदणीकृत संस्थांत ती तपासणीपुरती लिहिली जाते, तीही वर्षाच्या शेवटी एकाच शाईने. वास्तविक ती शिकलेल्या पोरांच्या, विशेषतः मुलींच्या हाती द्यावी. आणि लिहिणारीला सभेत बोलण्याचा, ‘हे काम कोणाच्या नावावर लिहू?’ असे अध्यक्षांना अडवून विचारण्याचा अधिकार असावा. नाव मिळाले नाही तर ठराव लिहू नये. पुढची सभा भरली की स्वागतगीतापूर्वी ती वही उघडावी आणि ज्यांच्या नावावर कामे लिहिली आहेत त्यांना एकेक करून उभे करावे. महाडचा खटला १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला. तहकुबीच्या त्या दिवसापासून सव्वानऊ वर्षे कोणीतरी त्या कामाच्या तारखा सांभाळीत होते.